पाच पिढ्यांचं पाणी

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच होता: दुसरा बोअर मारायचा की नाही. पहिल्या बोअरला फेब्रुवारीपासूनच धाप लागली होती आणि टँकरचा खर्च मेंटेनन्सच्या हिशोबात मावेनासा झाला होता. चर्चा पंधरा मिनिटांत आटोपली. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने मध्येच विचारलं, "पण खाली पाणी उरलंय का?" त्यावर बी विंगमधले एक काका शांतपणे म्हणाले, "अरे बाळा, आपण नाही घेतलं तर शेजारची सोसायटी घेणारच आहे." विषय तिथे संपला. हात वर करायला सांगितले, मीही केला.

घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेजारच्या सोसायटीत बोअरची गाडी पुढच्याच आठवड्यात आली. काका हावरटही नाहीत, बादलीभर पाण्यात गाडी पुसणारा माणूस आहे तो. तरी काहीतरी चुकतंय असं वाटत होतं आणि नेमकं कुठे, यावर बोट ठेवता येत नव्हतं. त्याच दिवसांत मी इराणमधल्या एका जुन्या शहराबद्दल वाचत होतो. सुरुवात केली होती ती निव्वळ बांधकामाच्या कुतूहलापोटी. पण वाचता वाचता काकांचं ते वाक्य मला तिथे पुन्हा भेटलं.

*

ते शहर म्हणजे पर्सेपोलिस. इराणी लोक त्याला तख्त-ए-जमशीद म्हणतात. शिराझपासून सुमारे ६० किलोमीटरवर, मर्वदश्तच्या मैदानाच्या कडेला, कुह-ए-रहमत नावाच्या डोंगराला पाठ टेकून ते उभं आहे. इसवी सनापूर्वी ५१८ च्या आसपास हखामनी घराण्यातल्या पहिल्या दारियस राजाने त्याचं काम सुरू केलं आणि इ.स.पू. ३३० मध्ये अलेक्झांडरच्या सैन्याने ते जाळलं. फोटोंमध्ये दिसतात ते उंच खांब आणि जिन्यांवर कोरलेली, भेटवस्तू घेऊन निघालेली माणसं.

मला जास्त आवडली ती फोटोत न दिसणारी गोष्ट. महाल ज्यावर उभे आहेत तो चौथरा सुमारे सव्वा लाख चौरस मीटरचा आहे आणि तो थेट डोंगराच्या पायथ्याशी आहे. हिवाळी पावसात डोंगरावरचा सगळा लोंढा महालातच शिरणार. म्हणून बांधणाऱ्यांनी भिंती उभ्या करण्याआधी चौथऱ्याच्या पोटात भुयारी नाल्यांचं जाळं केलं, काही ठिकाणी अखंड खडक कोरून. छपरावरचं पाणी भिंतींच्या आत बसवलेल्या उभ्या पन्हळींतून खाली या नाल्यांत उतरायचं. डोंगराच्या उतारावर खडकातच एक चौकोनी विहीर खोदली, सुमारे ६० मीटर खोल, म्हणजे वरून येणारं पाणी आधी तिच्यात पडावं. १९३१ पासून शिकागो विद्यापीठाच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटतर्फे अर्न्स्ट हर्झफेल्ड आणि नंतर एरिक श्मिट यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा गाळाने भरलेले हे नालेही तपासले गेले. छपरं जळून गेली होती. नाले जागेवर होते.

पाणी बाहेर काढायची ही व्यवस्था झाली. पाणी आणायचं कसं, याबद्दल याच राजांचा एक नियम आपल्यापर्यंत पोचला आहे. तो सांगितला पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने, पर्सेपोलिस जळल्यावर दोनेक शतकांनी, आणि तोही एका वेगळ्याच शहराची गोष्ट सांगताना.

*

ती गोष्ट अशी. इ.स.पू. २०९ च्या सुमारास तिसरा अँटायोकस हा राजा पार्थियावर चालून गेला. पार्थियाचा राजा अर्साकेस. मध्ये वाळवंट होतं आणि पलीकडे हेकाटोम्पिलोस, म्हणजे शंभर दरवाजांचं शहर. (दामघानजवळच्या शहर-ए-कुमिस या जागी १९६७ पासून जॉन हॅन्समन आणि डेव्हिड स्ट्रोनाक यांनी उत्खनन केलं, हेकाटोम्पिलोस ते हेच, असं आता मानलं जातं.) त्या वाळवंटात वर पाण्याचा टिपूस दिसत नाही. पाणी जमिनीखालून वाहतं आणि जागोजागी विहिरींसारख्या तोंडांतून ते काढता येतं. शत्रूचं सैन्य इतकं पुढे येणार नाही, असा अर्साकेसचा होरा होता. ते येतंय म्हटल्यावर त्याने ही तोंडं बुजवायला सुरुवात केली. अँटायोकसने एक हजार घोडेस्वार पुढे धाडले. पार्थियन स्वार तोंडं फोडण्यात गुंतले होते, त्यांना यांनी पळवून लावलं आणि सैन्य पार झालं.

हे सांगता सांगता पॉलिबियस थोडा थांबतो आणि दोन गोष्टी नोंदवतो. पहिली अशी, की पर्शियन लोक आशियाचे मालक होते तेव्हा जिथे आधी पाणी नव्हतं तिथे जो कुणी पाणी नेईल त्याला ती जमीन पाच पिढ्या कसायचा हक्क ते देत. म्हणून लोकांनी अफाट खर्च आणि कष्ट करून डोंगरापासून लांबवर जमिनीखालून पाणी आणलं. दुसरी अशी, की आता ते पाणी वापरणाऱ्यांना ते कुठून येतं हेही ठाऊक नाही.

मी या दोन नोंदींपाशी बराच वेळ थांबलो.

पाचच पिढ्या का? एक पिढी दिली असती तर माणसाने स्वतःच्या हयातीपुरतं, स्वस्तातलं काम केलं असतं. आपला नातू, फार तर पणतू आपण पाहतो. पाचव्या पिढीचं तोंड कुणीच पाहत नाही. म्हणजे हा नियम माणसाचा स्वार्थ तसाच ठेवतो, फक्त त्याची मुदत वाढवून त्याच्या मरणाच्या पलीकडे नेतो. राजाने कुणालाही परोपकार कर म्हणून सांगितलेलं नाही. न जन्मलेल्या माणसाचं भलं करायचं तर आजच्या माणसाच्या फायद्याशी त्याची गाठ मारावी लागते, हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

आणि अर्साकेस? त्याचा हिशोब साधा होता: मी बुजवली नाहीत तर शत्रू पिणार. लष्करी दृष्टीने अगदी बरोबर. पण या हिशोबात दोनच माणसं आहेत, मी आणि शत्रू. त्या वाटेवरची गावं, पुढच्या वर्षीचा पेरा, ज्यांच्या खापरपणज्याने ते भुयार खणलं ती माणसं, यांतलं कुणी नाही. काकांच्या वाक्यातही दोनच पक्ष होते, आपण आणि शेजारची सोसायटी. एकाला पाणी नासवायचं होतं, दुसऱ्याला प्यायचं होतं, एवढा फरक सोडला तर बेरीज तीच. मीटिंगमध्ये मला जे खटकत होतं ते हे असावं. तिसरा माणूस तिथे नव्हता, त्यामुळे त्याचा हात मोजला गेला नाही.

*

आता त्या भुयारांविषयी. इराणमध्ये अशा भुयाराला कनात म्हणतात (आपल्या मांडवाच्या कनातीशी संबंध नाही), पूर्वेकडे कारेझ. कल्पना सोपी आहे, काम महाभयंकर. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे जमिनीखाली पाणी असतं, तिथे एक खोल विहीर खणायची. तिला मादर-चाह, म्हणजे आईविहीर म्हणतात. मग जिथे पाणी हवं त्या सखल गावापासून त्या विहिरीच्या दिशेने जवळजवळ आडवा बोगदा खणत जायचं. माती वर काढायला आणि हवा खेळती ठेवायला ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी. वरून पाहिलं तर वाळवंटात मोठाल्या वारुळांची रांग दिसते. बोगद्याला उतार असतो तो हजार मीटरला मीटरभर, इतका कमी. जास्त दिला तर पाणी बोगदा खात जातं, कमी दिला तर गाळ साचतो. हे काम करणारे मुकन्नी दिव्यांच्या ज्योती एका रेषेत धरून दिशा सांभाळत. याझ्दकडचे मुकन्नी पांढरे कपडे घालून आत उतरत. अंधारात दिसावेत म्हणून, आणि आत काही झालं तर तेच कफन, असं सांगतात.

गोनाबादची कनात सुमारे ३३ किलोमीटर लांब आहे, तिच्यावर ४२७ विहिरी आहेत, आणि अडीच हजार वर्षांच्या आसपास वय असूनही ती अजून वाहते. २०१६ मध्ये युनेस्कोने इराणमधल्या अशा ११ कनातींना जागतिक वारशात घेतलं. पॉलिबियसने सांगितलेली भुयारं नेमक्या याच प्रकारची होती का, यावर इतिहासकारांचा वाद आहे. पण हखामनी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, इजिप्तमधल्या खार्गा मरूद्यानात, ऐन मनावीर इथे त्या काळातली अशी भुयारं सापडली आहेत. तिथे मिळालेल्या खापरांवर इ.स.पू. पाचव्या शतकातले करार लिहिलेले आहेत. त्यात पाण्याचे वाटे दिवसांत मोजले आहेत: अमक्याचे पाण्याचे इतके दिवस.

हे तंत्र पुढे दख्खनपर्यंत आलं. बिदरला कारेझ आहे, बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा आहे, आणि मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्याने भुयारी नहर आणली. पाणचक्की पाहायला गेलेल्या मंडळींनी त्याच घराण्यातलं काम पाहिलेलं आहे.

या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. कनातीला पंप नाही. पाणी स्वतःच्या वजनाने उतरतं. जमिनीखालची पातळी वर असेल तर जास्त येईल, खाली गेली तर कमी येईल, बोगद्याच्याही खाली गेली तर थांबेल. कुणालाही कितीही मोह झाला तरी एका दिवसात दुप्पट पाणी ओढता येत नाही. कनातीला हावरट होताच येत नाही. वाटपाचे नियम होते, तांब्याच्या भोक पाडलेल्या वाटीने पाळ्या मोजणारा माणूस होता, भांडणंही होती. पण ती सगळी आलेलं पाणी कसं वाटायचं यावर होती. किती काढायचं हे उतारानेच ठरवून टाकलेलं होतं.

*

इथे आपल्याला जुन्या माणसांच्या शहाणपणाचं कौतुक करायचा मोह होतो. मला झाला होता. पण पर्सेपोलिसनेच तो मोडला.

१९३३ मध्ये हर्झफेल्डच्या चमूला तिथल्या तटबंदीत मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. इ.स.पू. ५०९ ते ४९३ या काळातले ते शिधावाटपाचे हिशोब आहेत. कुणाला किती सातू, किती बिअर, किती वाइन. त्यात कुर्तश नावाचे कामकरी येतात. इजिप्शियन, बॅबिलोनियन, ग्रीक, कुठून कुठून आणलेले, शिध्यावर राबणारे, गटागटाने इकडून तिकडे हलवले जाणारे. बाळंतिणींना जादा शिधा आहे, वाचून बरं वाटतं. मग पुढची ओळ कळते: मुलगा झाला तर मुलगी झालेलीच्या दुप्पट. पाच पिढ्यांचा विचार करणाऱ्या राज्याने त्याच पिढीतल्या अर्ध्या बाळांना निम्मं मोजलं होतं.

कनातीही काही समतेचं राज्य नव्हत्या. ज्याच्याकडे पैसा त्याची कनात, आणि ज्याची कनात त्याच्या मर्जीवर कुळांची शेती. १९६० च्या दशकात इराणमध्ये जमीन सुधारणा झाल्या आणि डिझेलचे, विजेचे पंप आले. शेतकऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शेतात, स्वतःच्या वेळेला, कुणाच्याही पाया न पडता पाणी मिळालं. त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की तू उताराची मर्यादा मोडलीस?

तरीही पुढे जे झालं ते झालं. कनातींचा गाळ काढणारी जुनी व्यवस्था जमीनदारांबरोबर गेली. पंपांनी पातळी बोगद्यांच्या खाली नेली आणि कनाती एकामागून एक सुकल्या. १९६८ मध्ये कायद्याने पाणी राष्ट्राच्या मालकीचं केलं आणि विहिरींना परवाने आले, तरी परवान्याविना विहिरी पडतच राहिल्या. १९७९ च्या क्रांतीनंतर देशाचं धान्य देशातच पिकलं पाहिजे हे धोरण आलं, त्याने उपसा आणखी वाढला.

आणि आता मर्वदश्तचं मैदान खचतंय. पर्सेपोलिसच्या आसपास आणि जवळच्या नक्श-ए-रोस्तमला, जिथे दारियसची कबर कड्यात कोरलेली आहे, जमिनीला लांब भेगा पडल्या आहेत. यामागचं कारण समजून घेतलं तेव्हा मला खरा धक्का बसला. पाणी हे मातीच्या कणांमधल्या फटींत असतं. ते काढून घेतलं की वरच्या वजनाने चिकणमातीचे थर दबतात आणि फटी मिटतात. पुढे चांगला पाऊस झाला तरी त्या फटी पूर्वीसारख्या उघडत नाहीत. आपल्याला वाटतं आपण पुढच्यांच्या वाटचं पाणी पितोय, ते जरा जपून वापरू, पाऊस पडला की भरून निघेल. प्रत्यक्षात पाणी ठेवायचं भांडंच आपण चेपतोय.

ज्या राजांनी आधी नाले करून मग महाल बांधले, त्यांच्या चौथऱ्याभोवतीची जमीन आज पाणी नाही म्हणून बसते आहे. आणि यात गुन्हेगार शोधायला गेलं तर कुणीच सापडत नाही. प्रत्येकाने आपल्या शेतात, आपल्या पोटापुरतं काढलं.

*

मग मर्यादा पाळायची कुणी? माणसाने की यंत्राने?

माझ्या धंद्यातलं उत्तर तयार आहे. आम्ही सर्व्हरवर रेट लिमिट लावतो: एका क्लायंटला मिनिटाला इतक्याच रिक्वेस्ट. "कृपया जपून वापरा" असं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून काही होत नाही, हे पहिल्या नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत कळतं. वापरणारे वाईट नसतात. प्रत्येकाला आपली रिक्वेस्ट महत्त्वाची वाटते आणि सर्व्हर सगळ्यांचा पडतो. म्हणून मर्यादा सिस्टिममध्येच ठेवा. कनात ही रेट लिमिट असलेली सिस्टिम होती. पंप आला आणि लिमिट निघालं.

पण हे उत्तर अर्धवट आहे. कनातीवरच्या माणसाला लिमिट काढायचा पर्यायच नव्हता. त्याने संयम पाळला असं म्हणणं म्हणजे पंख नसलेल्याला जमिनीवर राहिल्याबद्दल शाबासकी देणं. आपल्याकडे पंप आहे, दोनशे, तीनशे मीटर खाली जायची सोय आहे. आपण थांबलो तर ते थांबणं आपलं असेल. हान्स योनास या जर्मन तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये हाच मुद्दा मोठ्या पातळीवर मांडला होता: जुनी नीती शेजाऱ्यापुरती पुरत होती, कारण माणसाचा हातच तेवढा लांब पोचत होता. हात लांब झाला की जबाबदारीही तितकी लांब जाते.

नुसतं मन चांगलं असून चालत नाही, हेही खरं. नवव्या शतकात खोरासानचा सुभेदार अब्दुल्ला इब्न ताहिर याच्याकडे कनातींचे तंटे इतके यायला लागले की त्याने कायदेपंडितांना बसवून खास कनातींच्या नियमांचं पुस्तक करून घेतलं. एका कनातीपासून किती अंतराच्या आत दुसरी खणायची नाही, त्या राखीव पट्ट्याला हरीम म्हणतात. आणि पंपांच्या जमान्यात हे जमतच नाही असंही नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा १९६५ चा पीएचडी प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावर होता. तिथेही सगळे उपसत होते, समुद्राचं खारं पाणी आत शिरायला लागलं होतं, आणि "मी नाही तर दुसरा" हेच सगळ्यांचं गणित होतं. त्यातून ते बाहेर आले ते एकत्र बसून, कोर्टाच्या मदतीने, आणि कोण किती काढतो हे मोजून. सगळे आकडे टेबलावर आले तेव्हा कुठे एकेकाला थांबणं परवडलं.

मला वाटतं काकांच्या वाक्याला उत्तर इथे आहे. "आपण नाही घेतलं तर शेजारचे घेतील" हे वाक्य खरं राहतं, जोवर आपण किती घेतो हे शेजाऱ्याला माहीत नाही आणि शेजारी किती घेतो हे आपल्याला. पॉलिबियसच्या वाळवंटातल्या माणसांना पाणी कुठून येतं हे माहीत नव्हतं. त्यांचं त्याने भागलं, कारण उतार त्यांच्या वतीने हिशोब ठेवत होता. आपलं तसं भागणार नाही.

मागच्या महिन्यात मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: दोन्ही बोअरना मीटर बसवू, महिन्यातून एकदा पाण्याची पातळी मोजू, आकडा लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावू, आणि शेजारच्या सोसायटीलाही त्यांचा आकडा मागू. खर्च फार नाही. चार अंगठे आले. काकांनी विचारलं, "कशाला?"

प्रश्न योग्य होता. त्यांना उत्तर टाइप करायला बसलो, ते इतकं लांबलं.